भरलेली ट्रॉली उतारावरून कशी आणायची: ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी क्रमवार पद्धत

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की एकाच जातीचे अपघात पुन्हा पुन्हा कानावर येतात. ट्रॅक्टर चढण चढून गेलेला असतो, अवघड वाटलेला भाग मागे पडलेला असतो, आणि पलीकडच्या साध्या दिसणाऱ्या उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते. चालक नवखा असतोच असं नाही, ट्रॅक्टरही जुना असतोच असं नाही. चूक बहुतेकदा क्रमाची असते. गिअर उतार लागल्यावर बदलायला जातात, ब्रेकची दोन पेडलं एकत्र जोडणारी पट्टी घाटात शिरल्यावर आठवते, आणि माल किती भरायचा हे ट्रॅक्टर किती ओढतो यावर ठरतं. ते ठरायला हवं किती थांबवता येतो यावर.

हे लिखाण ३५ ते ५५ एचपीचा ट्रॅक्टर आणि मागे एक किंवा दोन बिनब्रेकच्या ट्रॉल्या, या आपल्याकडच्या नेहमीच्या जोडीसाठी आहे. उदाहरणं उसाची आहेत, कारण कोल्हापूरच्या राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत फड (उसाचं शेत) वर आणि कारखाना खाली हे नेहमीचंच. मुरूम, शेणखत, विटा, चारा यांनाही हाच क्रम लागू आहे. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत काही वेगळं दिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

१. आधी हिशोब: उतारावर काय पेलेल?

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा दोन ट्रॉल्यांत मिळून १५ टन ऊस आहे. रिकाम्या ट्रॉल्यांचं वजन साधारण ४ टन, ट्रॅक्टर सव्वादोन टन. सगळं मिळून २१ टनांच्या आसपास. रस्ता १० फुटांना १ फूट उतरत असेल, तर हे सगळं खाली ढकलणारा जोर एकूण वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे २ टनांच्या थोडा वर. चाकांच्या रोधात त्यातले ३००-४०० किलो जातात. उरतात पावणेदोन टन.

आता धरून ठेवणारं काय आहे ते बघा. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनातलं दीड टनही येत नाही. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या पाऊण पट धरली, तरी एक टनाच्या जरा वर जोर लागला की चाकं सरकायला लागतात. म्हणजे ब्रेक आजच नवे टाकलेले असले तरी ही जोडी त्या उतारावर थांबणार नाही. चाकं जाम होतील आणि ट्रॅक्टर तसाच घसरत जाईल.

तेच एका ट्रॉलीत ७ टन भरून करून पाहा. एकूण सव्वाअकरा टन, रोध वजा जाता ढकलणारा जोर ९०० किलोच्या आसपास. कोरड्या डांबरावर जेमतेम जमतं. खडी, सांडलेलं पाचट किंवा ओला चिखल असेल तर पकड निम्म्यावर येते, आणि हेही जमत नाही.

चढताना एवढं का जाणवत नाही? चढणीवर ट्रॉलीच्या ओढीमुळे ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. उतारावर उलटं होतं. वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि त्यांना ब्रेकच नसतो. शिवाय चढणीवर लोड जास्त झाला तर चाकं जागीच फिरतात, म्हणजे ट्रॅक्टर आधी सांगतो. उतारावर कळतं तेव्हा वेग आलेला असतो.

उतार मोजणं सोपं आहे. १० फुटांची सरळ पट्टी किंवा पाइप घ्या, गवंड्याची लेव्हल-बॉटल त्यावर ठेवा, वरचं टोक रस्त्याला टेकवून पट्टी समपातळीत धरा आणि खालच्या टोकाखालचं अंतर टेपने मोजा. १ फूट आलं तर दहाला एक. अर्धा फूट आलं तर विसाला एक. रोजच्या वाटेवरचे दोन-तीन उतार एकदा मोजून ठेवले की हंगामभर पुरतं.

ठरवायचं असं: विसाला एकपेक्षा तीव्र उतार वाटेत असेल तर दोन ट्रॉल्या एकदम उतरवायच्या नाहीत. वर सपाटीला एक सोडायची, एकेक खाली न्यायची. वेळ जातो, वाहनमालक कुरकुरतो, तोडणीवाले खोळंबतात. तरीही. दहाला एकच्या आसपासचा उतार असेल तर त्या एका ट्रॉलीतलाही माल कमी करा. आणि काट्यावर जादा वजन आढळलं तर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे, हेही त्याच हिशोबात धरा.

२. वाट रिकाम्या ट्रॅक्टरने पाहून या

नवा फड, नवी वाट, तर भरलेली ट्रॉली घेऊन पहिल्यांदा जायचं नाही. रिकाम्या ट्रॅक्टरने किंवा मोटारसायकलवर एक फेरी मारा. पाहायचं एवढंच: उतार नेमका कुठून सुरू होतो, त्याआधी गिअर टाकायला सपाट जागा कुठे आहे, वळणावर खडी सुटली आहे का, साकव किंवा मोरी कुठे अरुंद आहे, विजेच्या तारा कुठे खाली लोंबतात, आणि काही बिनसलंच तर डोंगराच्या अंगाला ट्रॉली घासून थांबवता येईल अशी जागा कोणती.

फडातून रस्त्याला लागतानाची चढण लहान असते, पण तिथेच बांध, चारी आणि भुसभुशीत माती एकत्र येतात. चारी बुजवून घेतल्याशिवाय ट्रॉली भरायला घेऊ नका. भरल्यावर बुजवू म्हणणारे शेवटी दोन ट्रॅक्टर लावून ओढतात आणि ट्रॉलीचा दांडा वाकवून बसतात.

३. ट्रॅक्टर तपासणे

*ब्रेक.* ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचं वेगळं पेडल असतं. शेतात वळायला ते उपयोगी आहे, रस्त्यावर जीवघेणं. रस्त्यावर एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर जागीच आडवा होतो, मागून ट्रॉली येतेच. म्हणून शेत सोडताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची. गेटजवळ, बांधावर, जिथे ट्रॅक्टर रस्त्याला लागतो तिथे. पट्टी तुटली असेल, घासून सैल झाली असेल किंवा कुणी काढून ठेवली असेल तर ती बसवल्याशिवाय त्या दिवशी ट्रॉली जोडू नका. पट्टीच्या जागी तार बांधलेले ट्रॅक्टर आजही सर्रास दिसतात. तार ताणते, आणि नेमका जोरात ब्रेक मारताना एक पेडल मागे राहतं.

पट्टी लावली तरी दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते वेगळं पाहावं लागतं. पट्टी काढून दोन्ही पेडलांचा मोकळा खेळ मोजपट्टीने मोजा. तो पुस्तिकेत दिलेल्या मापात आणि दोन्हीकडे सारखा हवा. मग पट्टी लावा, मोकळ्या कच्च्या रस्त्यावर रिकामा ट्रॅक्टर ताशी दहा-बारा किलोमीटरने चालवा आणि ब्रेक दाबा. उतरून मागे पाहा. दोन्ही चाकांच्या घसरल्याच्या खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब, एक आखूड किंवा ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला, तर ब्रेक जुळवून घ्या. ही पाच मिनिटांची परीक्षा आठवड्यातून एकदा तरी करा.

तेलातले ब्रेक नसतील, सुके असतील, तर ओढा ओलांडल्यावर किंवा ट्रॅक्टर धुतल्यावर सपाटीला चालता चालता ब्रेक हलके दाबून सुकवून घ्या. ओले ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाहीत.

*टायर आणि वजनं.* मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. एकात कमी असेल तर लोडखाली ट्रॅक्टर त्या अंगाला कलतो आणि आडव्या उतारावर ते महागात पडतं. मागच्या टायरांत पाणी भरत असाल तर व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरा, त्याहून जास्त नको. वरची हवेची जागा टायरला लवचीक ठेवते. दोनचाकी ट्रॉलीचा भार दांड्यावर येत असेल तर पुढची वजनं लावा. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही.

*टप आणि रोल-बार.* उन्हासाठी लावलेला पत्र्याचा टप ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाला वाचवत नाही. त्यासाठी चॅसीला बोल्टने बसवलेला जाड पाइपचा रोल-बार लागतो. तो असेल तर सीटचा पट्टा लावाच, म्हणजे उलटताना तुम्ही त्या चौकटीच्या आत राहता. रोल-बार नसेल तर पट्टा बांधू नका.

इशारा: मडगार्डवर माणूस बसवायचा नाही. बसायची सवय इतकी जुनी आहे की सांगताना हसतात. पण मडगार्डवरून सुटलेला माणूस मागच्या चाकापुढेच पडतो, दुसरीकडे पडायला जागाच नसते.

४. ट्रॉली जोडणे

ट्रॉली कायम ठरलेल्या हुकाला किंवा ड्रॉबारलाच जोडायची. टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) पिनला, मागच्या अॅक्सलला साखळी गुंडाळून किंवा लिफ्टचे हात वर उचलून त्याला अडकवून ओढायचं नाही. ओढण्याची जागा जितकी वर, तितका ट्रॅक्टर पुढून उचलायला मोकळा. मागच्या चाकांभोवती फिरून उलटायला त्याला दीड-दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात क्लच दाबणं बहुतेकांना जमत नाही.

जोडताना क्रम असा ठेवा:

ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मदतनीस बाजूला उभा करा. ट्रॅक्टर मागे घेत असताना दांडा आणि हूक यांच्या मधे कोणीही नको, दांडा हाताने धरून जुळवायलाही नको. दांड्याला जॅक किंवा टेकू असेल तर त्याने उंची जमवा. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, चालकाने हात वर करून दाखवला, की मगच मदतनीस आत येऊन पिन घालेल. हा हात वर करण्याचा इशारा आधी ठरवून घ्या, कारण इंजिनच्या आवाजात ‘ये’ आणि ‘नको’ सारखंच ऐकू येतं.

पिन भोकात डुगडुगायला नको. खालून लिंच पिन किंवा क्लिप हवीच. खिळा, तार, वाकवलेली सळई चालत नाही. खड्ड्यात आदळल्यावर पिन वर उडते, तेव्हा ती क्लिपच काय ती धरून ठेवते. त्याशिवाय सेफ्टी चेन लावा. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून अडकवा, म्हणजे पिन निघाली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत राहतो.

तपासा: दोन ट्रॉल्या असतील तर दोघींमधली पिन. पुढची पिन सगळे पाहतात, मधली कोणी पाहत नाही. तिथेही क्लिप, तिथेही साखळी. शिवाय चाकांचे नट, टर्नटेबलचे (ट्रॉलीची पुढची चाकं वळवणाऱ्या चकतीचे) बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट हाताने नाही, पान्याने तपासा.

५. भरणे

उसाची ट्रॉली भरणारा बहुतेकदा चालक नसतो, तोडणीची टोळी असते. त्यांना तुमच्या उताराची काळजी असायचं कारण नाही, म्हणून भरताना चालकाने तिथे असायलाच हवं.

दोनचाकी ट्रॉलीत भार चाकांच्या थोडा पुढे यावा. मागे जास्त झाला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, म्हणजे ब्रेकही गेला आणि ओढही. फार पुढे आला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. चारचाकीत दोन्ही अॅक्सलवर भार सारखा असावा. डावी-उजवी बाजू तोलायला मोळ्यांचे बुडखे आलटून पालटून लावायला सांगा. बुडखा वाढ्याकडच्या (शेंड्याच्या) टोकापेक्षा जड असतो, सगळे एकाच अंगाला आले की ट्रॉली त्या बाजूला झुकते आणि वळणावर तिकडेच जाते.

उंची हा खरा वैरी. वरचा प्रत्येक थर आडव्या उतारावर आणि वळणावर ट्रॉली उलटवण्याकडे झुकवतो. वायररोपने आवळून बांधा, आणि एखादा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, कारण ऊस बसतो आणि दोर सैल होतो.

मागे लोंबणारा ऊस दिवे आणि रेडियम झाकतो. झाकलं तर उसाच्याच टोकाला लाल दिवा आणि लाल कापड बांधा. आणि उसावर माणसं, मुलं बसवायची नाहीत. टोळीला गावाकडं न्यायचं असेल तर वेगळी गाडी करा.

६. चढण

चढणीला लागायच्या आधीच सपाटीवर खालचा गिअर टाका. मधे गिअर बदलावा लागणार नाही असाच निवडा. शंका असेल तर आणखी एक खाली. क्लच हळू सोडा, रेस हळू वाढवा. झटक्याने क्लच सोडणं हे ट्रॅक्टर पुढून उभा होण्याचं सर्वांत सोपं कारण आहे.

पुढची चाकं हलकी वाटली, स्टेअरिंग अचानक सोपं झालं, की रेस लगेच कमी करा. चाक उचललंच तर क्लच दाबा आणि तोंड खाली आलं की त्याच क्षणी जोडलेला ब्रेक. लोडला मागे सरकायची संधी देऊ नका. मागे वेग घेतलेला ट्रॅक्टर जोरात ब्रेक मारून थांबवायला गेलं तर तोही मागच्या मागे उलटू शकतो.

चाक जागेवर फिरायला लागलं तर डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ) सरळ रेषेतच वापरा. वळताना तो लागलेला असेल तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ जातो.

चढणीवर अडकलात तर:

पहिलं, दोन्ही ब्रेक धरून ठेवा. दुसरं, मदतनिसाने ट्रॉलीच्या मागच्या चाकामागे ठोकळा लावायचा, पण बाजूला उभं राहून. ठोकळ्याला तीन-चार फुटांची दोरी बांधलेली असेल तर हात चाकाखाली जात नाही. तिसरं, ठोकळे बसल्याची खात्री झाल्यावर क्लच दाबून पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडून इंजिनाचा ताण घ्या, मग ब्रेक सोडा. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर तिसऱ्यांदा नको. माल उतरवा किंवा पुढे दुसरा ट्रॅक्टर लावा. दुसरा ट्रॅक्टरही खालच्या हुकालाच जोडायचा आणि वायररोप ताणलेला असताना त्याच्या लांबीएवढ्या अंतरात कोणी उभं राहायचं नाही. तुटलेला रोप उलटून येतो तो माणसाला पाहू देत नाही.

चढून गेल्यावर रस्त्यावरचे दगड किंवा ठोकळे उचला. घाटात रात्री मोटारसायकलवाले पडतात ते बहुतेक वेळा कुणीतरी चाकाला लावून तसेच सोडलेल्या दगडांवर.

७. उतार

इथे घाई करू नका, वाचतानाही.

*उताराच्या आधी थांबा.* माथ्यावर, सपाट जागेत, पूर्ण थांबा. पेडलांची पट्टी लागलेली आहे ना, पिन आणि क्लिप जागेवर आहे ना, दोर सैल नाही ना. मग गिअर टाका. हीच चढण असती तर ज्या गिअरमध्ये चढला असता, तोच किंवा त्याच्या एक खालचा. तीव्र उतारावर बाजूने माणूस आरामात चालत येईल, एवढाच वेग हवा. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर पुढची ओढ इथेच लावा. मग इंजिनाचा रोध पुढच्या चाकांपर्यंतही पोचतो.

*हाताची रेस पूर्ण कमी करा.* ती उघडी राहिली तर तुम्ही ब्रेक दाबत असता आणि इंजिन ढकलत असतं. चढणीवर लावलेली रेस माथ्यावर विसरणं ही फार नेहमीची चूक आहे.

*पहिल्या पंधरा-वीस मीटरमध्ये थांबून पाहा.* उताराचा सुरुवातीचा भाग बहुधा सौम्य असतो. तिथे ब्रेक हळू दाबून पूर्ण थांबण्याचा प्रयत्न करा. सहज थांबला तर पुढे जा. थांबायला वेळ लागला, ट्रॉली ढकलते असं वाटलं, तर तिथेच ठोकळे लावून एक ट्रॉली (चारचाकी असेल तर) सोडायची तयारी करा. खाली गेल्यावर ही निवड उरत नाही.

*क्लचवर पाय नको.* उतारावर तुम्हाला धरून ठेवणारं मुख्य साधन म्हणजे गिअरमध्ये असलेलं इंजिन. क्लच दाबला की ते सुटलं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं की गिअरमध्ये रेस सोडून उतरताना पंप डिझेल तसंही जवळजवळ बंद करतो. बचत होत नाही. आणि बऱ्याच ट्रॅक्टरांच्या गिअरपेटीत चालत्या चाकांवर खालचा गिअर पडतच नाही, नुसता दात खाल्ल्याचा आवाज येतो. एकदा न्यूट्रल झालात की खाली पोचेपर्यंत न्यूट्रलच.

*ब्रेक दाबा आणि सोडा.* इंजिनाचा आवाज वाढायला लागला, आरपीएमचा काटा नेहमीच्या कामाच्या मर्यादेकडे (बऱ्याच ट्रॅक्टरांत २००० ते २२००) सरकला, की ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा, मग सोडा, पुन्हा दाबा. अर्धवट दाबून धरून ठेवलेला ब्रेक तापतो आणि शेवटच्या वळणावर, जिथे हवा असतो, तिथे धरत नाही. लांब घाट असेल तर मधे सपाट जागा बघून थांबा. जळका वास येत असेल तर थंड होईपर्यंत निघू नका.

*वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेक नको.* वळणात ब्रेक मारला की ट्रॅक्टर मंदावतो आणि मागची ट्रॉली सरळ जायला बघते, कैची होते. वळण सुरू व्हायच्या आधीच वेग मारून घ्या आणि वळणभर इंजिनावर उतरा. दोन ट्रॉल्या असतील तर मागची ट्रॉली आतून कापते, म्हणून वळण जरा मोठं घ्या.

कैची व्हायला लागली तर: ट्रॉली तिरकी येऊन मागचं चाक रेटायला लागते. अशा वेळी आणखी ब्रेक दाबला तर ती पूर्ण वळते. ब्रेक सोडा, गिअरमध्येच राहून थोडी रेस द्या, ट्रॅक्टर ट्रॉलीला पुढे ताणून सरळ करेल, मग पुन्हा वेग कमी करा. हे पुढे मोकळा रस्ता असेल तरच शक्य आहे, म्हणून उतारावर पुढच्या वाहनाशी भरपूर अंतर ठेवा.

ट्रॅक्टर सुटलाच तर: क्लच दाबू नका, गिअर काढू नका. जोडलेले ब्रेक पूर्ण दाबा-सोडा. हॉर्न वाजवत राहा. दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला, चारीत किंवा मातीच्या कडेला घासत थांबवा. ट्रॉली गेली तर जाऊ द्या. उडी मारण्याचा मोह होतो, पण उडी मारणारा ट्रॉलीच्या चाकासमोर पडू शकतो.

आणि एक नियम, जो ट्रॅक्टरवाले आणि चारचाकीवाले दोघंही विसरतात: अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला पहिली वाट. उतरणाऱ्याने थांबायचं. भरलेली ट्रॉली घेऊन थांबता येणार नसेल, तर याचा अर्थ पहिल्या टप्प्यातला हिशोब चुकला.

८. आडवा उतार

आडव्या उतारावरून भरलेली ट्रॉली न्यायचं शक्यतो टाळाच. उताराला सरळ रेषेत चढा, सरळ रेषेत उतरा, मग सपाटीवर वळा. जायचंच असेल तर वेग अगदी कमी, वरच्या अंगाच्या चाकाखाली दगड किंवा वरंबा नको, खालच्या अंगाच्या चाकाखाली खड्डा नको. वरचं चाक चार बोटं उचललं आणि खालचं चार बोटं खचलं की त्या क्षणी उतार आहे त्याच्याहून कितीतरी तीव्र होतो. मधेच वळावं लागलं तर उताराच्या खालच्या बाजूला वळा, सावकाश.

९. टिपिंग ट्रॉली असेल तर

मुरूम, खत रिकामं करताना जमीन दोन्ही बाजूंनी सपाट हवी. उचललेली ट्रॉली मधे माल अडकला की एका बाजूला जड होते आणि कलते, मग ट्रॅक्टरलाही घेऊन जाते. अडकला तर खाली घ्या, मोकळा करा, पुन्हा उचला. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय शिरू नका, हायड्रॉलिकच्या नळीवर जीव टांगू नका. वर तारा आहेत का ते उचलण्याआधी पाहा. उचललेली ट्रॉली घेऊन चालवायचं तर अजिबात नाही.

१०. उभं करणे आणि रात्र

उतारावर ट्रॅक्टर उभा करावा लागला तर तोंड चढाकडे असेल तेव्हा पहिला गिअर, उताराकडे असेल तेव्हा रिव्हर्स, आणि त्यासोबत हँडब्रेक. ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे, लिफ्ट खाली, इंजिन बंद, किल्ली खिशात. ट्रॉली सोडायची असेल तर क्रम: आधी ठोकळे, मग पिन काढायची. उतारावर दोनचाकी ट्रॉली सोडायचीच नाही. दांड्याचा टेकू सरकला की ती फिरते.

रस्त्यात बंद पडलात तर ट्रॉली कडेला घ्या आणि मागे भरपूर अंतरावर त्रिकोण किंवा परावर्तक ठेवा. झाडाची फांदी रात्री दिसत नाही. मागे लाल, पुढे पांढरं, बाजूला पिवळं रेडियम चिखलाने माखलेलं असेल तर ते नसल्यासारखंच, फडातून निघताना ओल्या फडक्याने पुसा. दुसऱ्या ट्रॉलीचे दिवे जोडलेले आहेत ना ते मदतनिसाला मागे उभं करून पाहा.

गाण्यांच्या टेपचा आवाज असा हवा की मदतनिसाची हाक ऐकू येईल. मागची ट्रॉली लचकली, टायर फुटलं, दोर तुटला, हे चालकाला बहुतेकदा मागच्या आवाजावरूनच कळतं.

कारखान्याच्या गव्हाणीवर (जिथे ऊस रिकामा करतात) नंबर लागेपर्यंत वेळ असतोच. तेवढ्यात ट्रॉलीच्या हबांजवळ पालथा हात नेऊन पाहा, गरम असेल तर न चिकटवता. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग गेलेलं आहे किंवा जायच्या बेतात आहे. ग्रीस भरा, चाक जॅकवर घेऊन हलवून पाहा, आणि खेळ असेल तर पुढची खेप त्या ट्रॉलीने करू नका.